मॅमथ आणि जावयाचा कोंबडा

मोहाडीतला माझा शेजारी बोलण्याआधी गमछ्यानं तोंड पुसतो, आत्ताच जेवून उठल्यासारखं. मी ज्ञान सांगू लागलो की तो घोरतो. एकदाच जागा राहिला. हिमयुगातल्या मॅमथ हत्तीच्या हाडांवर दगडी सुरीच्या खुणा सापडल्या, तरी माणसानं त्याची शिकार केली असं ठरत नाही, तो आयता मेलेला सापडला असेल, असं मी ऐटीत समजावत होतो.

पुढच्याच आठवड्यात, जावयासाठी बायकोनं राखलेला कोंबडा नाहीसा झाला. शेजाऱ्याच्या चुलीमागे हाडं दिसली. मी जाब विचारला. त्यानं तोंड पुसलं.

"भाऊ, सुरीच्या खुणा खाल्ल्याच्या आहेत. मारल्याचा पुरावा कुठी आहे? वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, मेलेला भेटला असन."

"कोनाले भेटला?"

"थे तुमीच सांगा जी. हत्तीचं तं सारं मालूम आहे तुमाले."

त्यानं वाटीभर रस्सा पुढे केला. पुरावा तपासावा म्हणून मी बसलो.

दुसरं हाड चोखत असताना बायको दारात येऊन उभी राहिली.

"जावई येऊन राहिले. अन् तुमच्या हातात काय आहे?"

मी खरं तेच सांगितलं. मला तो मेलेलाच भेटला होता.