घाटाखालच्या सुनंदावहिनी

सुनंदावहिनींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या दोन घरांमधल्या जांभ्याच्या गडग्यावर उभ्या होत्या. एका हातानं आंब्याची फांदी धरलेली, दुसऱ्या हातातला फोन कानाला घट्ट लावलेला आणि डोळे मिटलेले. रत्नागिरीत नोकरी लागली म्हणून मी भाट्याच्या खाडीजवळ नुकतीच खोली घेतली होती. मला वाटलं, शेजारणीला काहीतरी वाईट बातमी कळते आहे. मी विचारलं, "वहिनी, काय झालं?" त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. थोड्या वेळानं फोन खाली घेतला, पदर खोचून गडग्यावरून उतरल्या आणि म्हणाल्या, "हरलो. टायब्रेकरात. नवीन आलीस न्हवं? चल, चहा ठेवतो."

कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं त्या "मी येतो, मी जातो" असंच बोलायच्या. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ते सुटलं नव्हतं. त्यांच्या सासूबाई द्वारकाकाकी मिरकरवाड्याच्या जेटीवर आयुष्यभर मासळी विकलेल्या, जिभेनं तिखट. त्या म्हणायच्या, "येतेस की येतोस, एक काय ता ठरव गो." वहिनी हसून सोडून द्यायच्या.

वहिनींचं माहेर कोल्हापूरच्या एका पेठेत. तिथल्या तालमीला स्वतःचा फुटबॉल संघ आहे आणि वहिनींचे वडील, तात्या, एके काळी त्या संघाचे गोलकीपर. घरात फुटबॉलशिवाय बोलणं नाही. रमेशभाऊ इंजिनाचं काम शिकायला कोल्हापुरात गेले, त्याच पेठेत खोली घेऊन राहिले आणि वहिनींच्या भावाबरोबर मॅच बघायला जाऊ लागले. तिथून पुढचं जे व्हायचं ते झालं. तात्यांना ते पसंत नव्हतं. मासेवाल्यांच्या घरात मुलगी द्यायची, तीही घाटाखाली, हे त्यांना पटेना. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं, "घाट उतरलीस तर परत चढू नको." वहिनी उतरल्या. रमेशभाऊ आता रत्नागिरीच्या बंदरात लाँचींची इंजिनं दुरुस्त करतात. वहिनींचा भाऊ अधूनमधून येऊन जायचा. तात्या मात्र त्यानंतर लेकीशी एक शब्द बोलले नव्हते.

हे मला वहिनींनी हळूहळू सांगितलं, तेही दुसरंच काहीतरी बोलता बोलता. दुःख समोर मांडून बसायची त्यांना सवय नव्हती. सवय होती ती रविवारी दुपारी पडवीत पिक्चर लावायची. भिंतीवर पांढरी चादर, जुना प्रोजेक्टर आणि खाली चटया. लग्नाआधी त्या सीडी भाड्यानं देणाऱ्या दुकानात कामाला होत्या. हिट पिक्चर गिऱ्हाईकं उचलून न्यायची, आणि ज्यांना कुणी हात लावत नसे ते वहिनींच्या वाट्याला यायचे. कुठल्या कुठल्या देशांतले, ज्यात एक म्हातारा बर्फातून गाढव घेऊन जातो आणि दोन तासांनी पोचतो, असे पिक्चर. त्यातच त्यांना गोडी लागली.

मी एकदा वैतागून म्हटलं, "वहिनी, ह्यात काहीच घडत नाही हो."

"घडतंय ते आपल्याला शेजारीपाजारीबी कळतंय," वहिनी म्हणाल्या. "माणूस नुसतं बसलेलं कोण दावतंय? बघ की जरा."

असल्याच एका पिक्चरमध्ये एक बाई कितीतरी वेळ पाव करायचं पीठ मळत होती. आम्ही दोघी-तिघी पेंगायला लागलो होतो. मागून द्वारकाकाकींचा आवाज आला, "सैल झाला पीठ तिचा. आता थापताना चिकटणार." आणि खरंच पुढे ते पीठ चिकटलं. वहिनी इतक्या खूश झाल्या की त्यांनी पिक्चर थांबवून तेवढा भाग सासूला परत दाखवला. त्या दिवसापासून काकी रविवारी वेळेआधीच आपली चटई टाकून बसायला लागल्या.

गाण्यांचंही तेच. मासे साफ करताना वहिनी फोनवर गाणी लावायच्या, आणि ती आपल्याकडची क्वचितच असायची. कुठल्याशा गवताळ मुलखातली माणसं घशातून खोल आवाज काढत गायची, त्यात शब्द असे नसायचेच. काकी विळीवरून विचारायच्या, "ह्या बाप्याला कफ झालाय काय गो? सितोपलादी दे म्हणावं मधातून." वहिनी म्हणायच्या, "आई, ऐका तर. घोडं पळाल्यागत वाटतंय का न्हाई?" काकी सुरमईचा तुकडा हातात धरून थोडा वेळ ऐकायच्या आणि म्हणायच्या, "घोडा हाय खरा. पण दमलाय."

आणि तालमीचा संघ. तो जिंकताना मी फारसा ऐकला नाही. उपांत्य फेरीपर्यंत यायचा आणि मग हरायचा. मी कधी चिडवलं तर वहिनी शांतपणे म्हणायच्या, "जिंकणाऱ्यास्नी बघायला गावभरची माणसं मिळत्यात. आमच्यास्नी आमीच बघायचं." मॅचच्या दिवशी भावाचा मुलगा अभी मैदानात बसून त्यांना फोन लावायचा आणि फोन तसाच चालू ठेवायचा. घरात रेंज नीट नसायची, म्हणून गडग्यावर चढणं. आजकाल मॅच मोबाईलवर दिसते, हे मी त्यांना समजावलं. त्या नुसत्या "हां" म्हणाल्या आणि पुढच्या मॅचला पुन्हा गडग्यावर.

एक दिवस त्यांनी मलाच वर बोलावलं आणि फोन माझ्या कानाला लावला. लोकांचा गलका, शिट्ट्या, कुठेतरी हलगी. "थांब," वहिनी म्हणाल्या. आणि त्या गलक्यातून अगदी जवळून एक घोगरा, म्हातारा आवाज आला, "मागं बघ रं, मागं."

"ऐकलास?" वहिनी म्हणाल्या. "ते आमचे तात्या. अभी त्यांच्या शेजारी बसतोय."

मग मला कळलं की बॉल कुठे आहे हे ऐकायला त्या गडग्यावर चढत नव्हत्या.  त्यांनी फोन परत घेतला आणि पुन्हा डोळे मिटले.

त्यानंतरच्या हंगामात तो आवाज यायचा थांबला. एका रविवारी त्या लवकरच गडग्यावरून उतरल्या. "तात्या आले न्हाईत म्हणं. थंडी हाय." पुढच्या मॅचलाही ते नव्हते. मग भावाचा फोन आला. तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. दवाखान्यातून घरी आणेपर्यंत भावानं वहिनींना कळवलं नव्हतं. कळवावं की नाही, हेच त्याला ठरवता आलं नव्हतं.

वहिनींनी हातातली कोळंबी पूर्ण सोलली, हात धुतले आणि रमेशभाऊंना म्हणाल्या, "उद्या जातो." रमेशभाऊंनी एका लाँचीचं इंजिन खोलून ठेवलं होतं, त्यांना लगेच निघता येईना. काकी मला म्हणाल्या, "तू जा गो सोबत. एकटी नको जायला." आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. आंबा घाट चढताना वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. लग्नानंतर त्या पहिल्यांदाच घाट चढत होत्या.

घर पेठेतल्या गल्लीत, अरुंद जिन्याचं. तात्यांची खोली वर होती. वहिनी जिना चढायला लागल्या तेवढ्यात अभी खालून म्हणाला, "आत्या, एक सांगू? आज्जांना ठाऊक होतं."

"काय?"

"फोन चालू असतोय ते. पहिल्याच वर्षी कळलेलं त्यांना. बॅटरी उतरायची मधेच, तर पॉवर बँक त्यांनीच आणून दिली मला. म्हणाले, तिला सांगू नको."

वहिनी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि वर गेल्या.

तात्या भिंतीकडे तोंड करून पडले होते. एके काळी केवढे असतील हे त्यांच्या पंजावरून कळत होतं. "तात्या, मी आलो," वहिनी म्हणाल्या. ते वळले नाहीत. वहिनींनी रडून-भेकून काही केलं नाही. खाटेजवळ खाली बसल्या, आपला फोन त्यांच्या उशीशी ठेवला आणि ते घशातलं गाणं हळू आवाजात लावलं. "ह्यात शब्द न्हाईत," त्या म्हणाल्या. "तुमीबी बोलू नका, मीबी बोलत न्हाई." दुपारभर त्या तशाच बसून राहिल्या. ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा तात्यांनी मान वळवली, आधी फोनकडे बघितलं आणि मग लेकीकडे.

भाऊ आणि त्याची बायको दोघंही नोकरीला. दिवसभर तात्यांजवळ कुणी नाही आणि संडास खाली. चहा पिताना सुनंदावहिनी म्हणाल्या, "मी घेऊन जातो तात्यांना."

भाऊ म्हणाला, "रत्नागिरीला? तुझ्या घरात? अगं, त्यांना इच्चार तरी."

वहिनी खाटेशी गेल्या. "तात्या, चलताय न्हवं माझ्यासंगं?" तात्या बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात उचलून खुंटीवरच्या टोपीकडे केला. अभीनं ती काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

तात्या भाट्यात आले आणि पडवीतच राहिले, कारण तिथे वारा होता. पहिले काही दिवस मासळीच्या वासानं ते तोंड फिरवायचे. वहिनी त्यांच्यापुरतं वरण-भात, अंड्याची पोळी असं वेगळं करायच्या. काकींना हा अपमान वाटायचा. एक दिवस वहिनी बाजारात गेलेल्या असताना काकींनी बांगड्याचे काटे एकेक करून काढले, आमटीत भात कालवला आणि तात्यांसमोर बसून घास पुढे केला. काय बोलल्या कुणास ठाऊक. वहिनी परत आल्या तेव्हा काकी गडग्यावरून मला सांगत होत्या, "खाल्लान म्हाताऱ्यान. परत मागितलान." वहिनी बाजाराची पिशवी घेऊन तशाच दारात उभ्या राहिल्या.

रविवारच्या पिक्चरला आता पुढे दोन खुर्च्या असायच्या. काकी तात्यांना मोठ्यानं सगळं समजावून सांगायच्या, जणू त्यांना ऐकूही येत नव्हतं. "आता ती बाई बाहेर गेली. गेली हां. आता आली परत." तात्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसायचा, पण पिक्चर संपेपर्यंत ते खुर्चीतून हलायचे नाहीत.

मॅचच्या दिवशी अभीचा फोन यायचा. पडवीच्या कोपऱ्यात कुठे रेंज येते ते रमेशभाऊंनी शोधून ठेवलं होतं आणि तात्यांची खुर्ची तिथे सरकवली जायची. फोन स्पीकरवर. तात्या डाव्या हातानं खुर्चीच्या हातावर ठोके देत ऐकायचे. एकदा पलीकडचा गलका एकदम वाढला. तात्या पुढे झुकले, त्यांची मान ताठ झाली, तोंड उघडलं आणि "मा... मा..." एवढंच बाहेर आलं. दोनदा, तीनदा. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. वहिनी आतून धावत आल्या. त्यांनी फोन उचलला, तोंडाशी धरला आणि सगळा जीव एकवटून ओरडल्या, "मागं बघ रं, मागं." खाडीत जाळं आवरणारी दोन माणसं वळून बघायला लागली. तात्या खुर्चीत मागे टेकले. मग हसायला लागले, आवाज न होता, अर्ध्याच तोंडानं. मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं.

मी वहिनींना एकदा विचारलं, "तात्यांनी कधी काही कळवलं का हो तुम्हाला? म्हणजे, झालं-गेलं त्याबद्दल?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आणि आता काय कळवायचं ऱ्हायलंय? जेवत्यात की माझ्या घरात."

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी तात्या झोपेतच गेले. कोल्हापूरला कळवलं. भावाचा फोन आला. तालमीची माणसं म्हणत होती, तात्यांना पेठेतूनच न्यायचं. हे वहिनींना कसं सांगावं म्हणून तो अडखळत होता. वहिनींनीच वाक्य पुरं केलं, "आणतो. ते तिथलंच माणूस हाय."

तात्यांना जीपमध्ये घेऊन रमेशभाऊ, वहिनी, मी, शेजारचे दोन खलाशी, सगळे निघालो. काकी लुगडं बदलून दारात उभ्या होत्या. गुडघे दुखतात, घाट लागतो, सगळं सांगून झालं. त्या म्हणाल्या, "माझ्या घरातून माणूस जातोय. मी काय हय बसून राहू?" आणि जीपमध्ये पुढे चढून बसल्या.

तालमीच्या दारात तात्यांना थोडा वेळ ठेवलं. अंगावर संघाची जर्सी घातली. पेठ सगळी जमली होती. आमची माणसं बाजूला भिंतीशी उभी होती, अवघडून. तालमीतले एक वृद्ध गृहस्थ भावाला म्हणाले, "ही कोण माणसं?"

भावानं क्षणभर वहिनींकडे बघितलं. "आमचं पाव्हणं," तो म्हणाला. "सुनंदाच्या घरची माणसं. तात्या ह्यांच्यातच होते."

"मग लांब का उभारलायसा?" ते गृहस्थ रमेशभाऊंना म्हणाले. "जावई न्हवं तुमी? या, खांदा द्या." रमेशभाऊंनी चपला काढल्या आणि पुढे झाले.

वहिनी दिवसभर रडल्या नाहीत. काकींना सावलीत बसवणं, त्यांची रक्तदाबाची गोळी, खलाशांचं जेवण, हेच चाललं होतं. परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर पालीला चहाला थांबलो. दिवस मावळत आला होता. बाकड्यावर बसून वहिनींनी कप हातात घेतला आणि तिथेच त्यांना रडू फुटलं. मोठ्यानं, लहान मुलीसारखं. येणारे-जाणारे बघत होते. काकी सरकून त्यांच्याजवळ बसल्या आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. कुणीही त्यांना उगी राहा म्हटलं नाही.

रमेशभाऊ जीपमध्ये इंजिन चालू ठेवून बसले होते. त्यांनी ते बंद केलं.