नानांचा जुना नंबर

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या काकांमुळे, म्हणजे नानांमुळे आहे. आणि नानांच्या भरीत पार्टीत पाणी मीच सोडलं.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी दहावीपुढे गेलं नव्हतं. साक्रीजवळच्या आमच्या गावातून नानांनी मला एसटीने धुळ्याला नेलं आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या रांगेत माझ्याऐवजी स्वतः उभे राहिले. (पोरगा दमेल म्हणून!) आज मी पुण्यात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही अकरा जण मिळून एका अ‍ॅपमधलं एक बटण सांभाळतो.

"तू कंपनीमा काय करस रे?" नाना दर दिवाळीला विचारतात.

"बटण सांभाळतो, नाना. 'पुढे जा' असं लिहिलेलं असतं ना, ते."

"मोटरनं बटण?"

"नाही, मोबाइलमधलं."

"ते दाबतं कोण?"

"लोक."

"मंग तू काय करस?"

मी फराळाचं ताट पुढे ओढतो. मग नाना एक सुस्कारा टाकून हेमराजदाजींकडे वळतात. दाजी म्हणजे नानांचे जावई. साक्रीला त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. "मना जवाई बंद मोटरले नुसता कान लावस, नि बिघाड सांगस!" नाना गावभर सांगतात. (बंद मोटरमधून आवाज कुठून येतो, हे विचारायची सोय नाही.) मीही एकदा लॅपटॉपला कान लावून पाहिला. कान भाजला.

खरं सांगतो, मी जळायचो. दाजींच्या कौशल्यावर जळायचो, त्यांच्या मिशीवर जळायचो, त्यांना वाढलेल्या जास्तीच्या पुरीवरही जळायचो! नानांनी चारचौघांत एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून "हाऊ मना पोऱ्या", म्हणजे हा माझा पोरगा, असं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी ठरली आणि मला संधी दिसली. मिस कॉल दिला की विहिरीवरची मोटर चालू, पुन्हा दिला की बंद, अशी पेटी मी पुण्यात स्वतः जोडली. आत सिमकार्ड हवं होतं. नानांना मी दिवाळीला नवा फोन आणि नवा नंबर घेऊन दिला होता. त्यांचं जुनं सिम माझ्याच खिशात होतं. तेच घातलं. सकाळी गुपचूप पेटी स्टार्टरला जोडली. बेत असा, की पंगत बसल्यावर मी खिशातून मोबाइल काढणार आणि सगळे थक्क होणार!

वाऱ्याने आग विझू नये म्हणून कोरड्या पाटात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या. (जागा मीच सुचवली होती.) वर दोन टोपली हिरवी वांगी. एवढ्यात पाटातून पाणी आलं.

"मोटर कोणी चालू करी?" नाना ओरडले आणि विहिरीवरच्या मोटरच्या खोलीकडे धावले. ते दारात पोहोचताच मोटर आपोआप बंद. ते परत आले, धोतर सावरून बसले, आणि मोटर पुन्हा चालू!

तेवढ्यात भुसावळची मावशी फाट्यावरून चालत आली. "काय हो नाना, मिस कॉल दिला तरी कोणी न्यायला आलं नाही?"

मागून जळगावचे मामा. "मीही दिला की!"

मी खिशातला मोबाइल आणखी खोल ढकलला. आमच्याकडे फाट्यावर पोहोचलं की नानांना मिस कॉल द्यायचा, हा वीस वर्षांचा रिवाज. आणि नवा नंबर मी कोणाला कळवलाच नव्हता! आता एकेक पाहुणा येत होता आणि मोटर त्याचं स्वागत करत होती. वांगी पोहत कपाशीत शिरली.

शेवटी दाजींनी खोलीत जाऊन फ्यूज काढला. मी मागोमाग गेलो. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही बनवली?"

मी मान हलवली.

दाजी बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नाना, मनीच वायरिंग चुकनी."

"बठ्ठं भरीत पाणीमा घालं! तुले काही येस का नही?" नाना कडाडले.

नानांनी दाजींना असं झापलेलं ऐकायला मी मनातून पाच वर्षं तळमळत होतो, ते ऐकलं. आणि माझ्या पानातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मी दाजींच्या पानात सरकवली. निघताना दाजी हळूच म्हणाले, "पेटी झकास शे. मी साक्रीत अशा दहा बसवल्या. फक्त पेटीने कोणाचा फोन घ्यायचा ते ठरवायचं राहिलं होतं. फ्यूज परत घातलाय, आणि ती आता तुमच्या एकट्याच्या नंबरनेच चालेल. नानांना तुम्हीच दाखवा, त्यांना आनंद होईल."

म्हणजे मोठेपणातही तेच पुढे! मी पुण्यापर्यंत जळत आलो आणि आल्यावर हे पत्र लिहिलं.

*तीर्थरूप नानांस,*

*शिरसाष्टांग नमस्कार. भरिताच्या दिवशी चूक दाजींची नव्हती. पेटी मी बसवली होती. दाजींना कळलं होतं, तरी त्यांनी माझ्यासाठी बोलणी खाल्ली. "हाऊ मना पोऱ्या" हे आता तुम्ही त्यांनाच म्हणा. मला वाईट वाटेल, पण म्हणा.*

*ता. क. हे फोनवरच सांगणार होतो. धीर करून फोन लावला, तो सवयीने तुमच्या जुन्या नंबरवर. मोटर बंद व्हावी म्हणून पुन्हा लावला. घाबरून आणखी कितीदा लावला, ते लक्षात नाही. ती आता चालू आहे की बंद, हे इथे बसून सांगता येत नाही. दाजींना जरा कान लावायला सांगा.*