आमच्या कचेरीतलं परराष्ट्र खातं

फायली आणि किस्से दोन्ही आपोआप साचतात. फरक एवढाच, की फाईल मागितली तर सापडत नाही आणि किस्सा न मागता वर येतो! आमच्या चांद्याच्या कट्ट्यावर कोणी परदेशाचा विषय काढला की माझं असंच होतं. बसवत नाही. उठून दोन फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो, आणि तोंड उघडतो. तुम्ही विषय काढलात, आता ऐका.

पन्नास सालानंतरची गोष्ट. सिरोंच्याच्या बाजूला, गोदावरीच्या काठावर एका कचेरीत मी कारकून होतो. कोणती कचेरी ते विचारू नका. पावसाळ्यात रस्ता बंद, डाक डोंग्यातून येणार, आली तर. गावात निम्मं तेलुगू, निम्मं मराठी, आणि जंगलात शिरलं की माडिया. अशा ठिकाणी एक दिवस वरून कागद आला, की परदेशी राहणाऱ्या नागरिकांचा पत्रव्यवहार आता कचेरीतल्या एकाच टेबलावर ठेवावा.

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "ब्रह्मदेश कुठे आहे?"

बडे बाबू म्हणाले, "असन पूर्वेले."

मी म्हटलं, "कलकत्त्याच्या पुढे, समुद्र ओलांडून. राजधानी रंगून."

झालं! त्या दिवसापासून परराष्ट्र खातं माझ्याकडे. शहाणपणा कधी दाखवू नये, तो असा अंगाशी येतो.

*

पहिलंच काम म्हणजे यादी. तालुक्यातले किती लोक परदेशात आहेत ते कळवा. मी सगळ्या कोतवालांना निरोप धाडला. आठ दिवसांत यादी हजर, आणि ही जाडजूड! मला वाटलं, अरे वा, आमचं हे रान म्हणजे विलायतेला जाणाऱ्यांची खाणच की!

यादी वाचली तर सगळे जावई. काही सासरी गेलेल्या मुली. दोन आत्या. पत्ता एकच : नदीच्या पलीकडे.

आमच्या गावचा कोतवाल दुर्गय्या. साठीचा, पण काटक. त्याला बोलावलं. "दुर्गय्या, हे परदेशात?"

"त मंग काय बाबू! नदी ओलांडली का निजामाचं राज. आमचा पोलीस तिकडं जाये नाई, तिकडचा इकडं ये नाई. परदेस नाई तं काय हाय थे?"

"अरे, निजामाचं राज्य गेलं ना आता."

"गेलं? मले कोनी सांगतलंच नाई!" आणि वर मलाच म्हणाला, "तुमी काऊन नाई सांगतलं?"

साहेब खोलीतून तरातरा बाहेर आले. यादी टेबलावर आपटली. "नदीपलीकडचे परदेशी नाहीत! ते सगळे आपलेच आहेत! समजलं? लिहून काढा आणि गावोगाव पाठवा!"

मी लिहून काढलं, साहेबांनी सही केली, गावोगाव गेलं. नदीपलीकडचे परदेशी नाहीत, ते आपलेच.

*

साहेबांविषयी, म्हणजे आमच्या तहसीलदारांविषयी, सांगायला हवं. माणूस चांगला. पुण्याकडचा, सडाफटिंग, वाचणारा. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता आणि जगातल्या सगळ्या अन्यायांची त्यांना खबर असे. आफ्रिकेत आपल्या लोकांना कुठे बसू देत नाहीत, सिलोनात मळ्यावरच्या मजुरांना कोणी आपलं म्हणत नाही, सगळं तोंडपाठ. आपलं सरकार परदेशी सभांमधून माणसाच्या हक्कांवर बोललं, की दुसऱ्या दिवशी साहेबांची छाती फुगलेली असे.

एकदा दौऱ्यावर आत जंगलात गेलो. रेडिओही आला. बॅटरीसकट ते धूड चौदा मैल डोक्यावर वाहून आणलं लालसू नावाच्या एका माडिया माणसानं. साहेबाचं सामान, म्हणजे गावानं वाहायचं. मजुरीचा प्रश्नच कोणाला पडत नव्हता.

संध्याकाळी गाव जमवून साहेबांनी रेडिओ लावला. कुठल्याशा दूरच्या देशातली बातमी होती. साहेब गहिवरून मराठीत सांगायला लागले, दुर्गय्या ते माडियांच्या गोंडीत सांगू लागला. "तिथे गरीब माणसाकडून सक्तीनं काम करवून घेतात! ओझी वाहायला लावतात! मजुरी देत नाहीत! आपलं सरकार त्याविरुद्ध लढतं आहे!"

लालसू मान चोळत ऐकत होता. मग दुर्गय्याला हळूच काहीतरी बोलला.

"काय म्हणतो तो?" साहेब.

"काई नाई साहेब."

"सांग, सांग. त्याला विचारायचा हक्क आहे!"

दुर्गय्यानं जमिनीकडे बघत सांगितलं, "तो विचारून राह्यला साहेब, का त्या देशातबी तहसीलदार हायेत काय?"

रेडिओ तिथल्या तिथे बंद झाला. दुसऱ्या दिवशी लालसूला मजुरी मिळाली आणि रेडिओ बैलगाडीतून पुढे गेला.

*

आणि मग तो रंगूनचा अर्ज आला.

आमच्याच गावचा लच्चय्या. लढाईच्या आधी रंगूनला भाताच्या गिरणीत कामाला गेला. लढाईत रंगूनवर बाँब पडले, पुढे पत्र नाही, काही नाही. इकडे थोरल्या भावानं, मल्लय्यानं, त्याचे दिवस घातले. कोतवालाच्या वहीत 'मयत' लागलं, शेत मल्लय्याच्या नावावर चढलं. लच्चय्याची बायको पोशक्का. तिच्या बांगड्या फुटल्या. नदीकाठी झोपडी घालून ती जाळी विणून पोट भरू लागली.

तेरा वर्षांनी त्या मेलेल्या माणसाचा अर्ज माझ्या टेबलावर! तिथलं सरकार त्याला म्हणे, तू परका, कागद दाखव नाहीतर नीघ. आपलं सरकार म्हणे, तू आमचा कशावरून? गावाकडून दाखला आला तर परतीचे कागद मिळतील. मुदतीत नाही आला तर तिथल्या तुरुंगात.

मी घाईघाईनं साहेबांकडे गेलो. ते खिन्न झाले. "आपलं धोरणच आहे, की जिथे राहता तिथलेच व्हा."

"आणि तिथले घेत नसले तर?"

"त्यावर धोरण अजून आलेलं नाही," साहेब म्हणाले.

*

अर्जाला फोटो होता. नियम असा, की रक्ताच्या नातेवाइकानं ओळखायचं. मल्लय्याला बोलावलं. फोटोत लुंगी, डोक्याला ब्रह्मी रुमाल, गाल बसलेले. मल्लय्यानं फोटो हातात घेतला आणि कपाळाचा घाम पुसला.

"हा नाई."

"नीट बघ," साहेब म्हणाले.

"नाई म्हनलं ना साहेब! माझा भाऊ मेला. मी सोता दिवस घातले."

मग पोशक्का. तिनं फोटो उलटसुलट करून पाहिला. "तेरा वर्सं झाली. आन हा असा वाळलेला. मी काय सांगू?"

आता काय लिहायचं? तेवढ्यात तिचं लक्ष अर्जाच्या खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे अर्जदाराचा डावा अंगठा होता, काळ्या शाईत, मधोमध आडवी पांढरी चीर. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हा."

"काय हा?"

"आमच्या लग्नाच्या मांडवाले बांबू तोडताना कोयता लागला होता. हळद मीच भरली. बाबू, हा जिता हाय!" आणि ती माझ्या टेबलापाशीच मटकन खाली बसून रडायला लागली. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

अर्जात एक रकाना होता : अर्जदार भारताशी एकनिष्ठ आहे काय? विचारणं भाग होतं. मी विचारलं.

पोशक्कानं पदरानं नाक पुसलं. "माझ्याशी राह्यला काय, ते आदी विचारा त्याले!"

साहेब म्हणाले, "होय लिहा."

*

गेला कागद वर. तीन महिन्यांनी परत! वरच्या कचेरीतून शेरा : 'आपल्या अभिलेखात सदर इसम मयत दिसतो. तो हयात आहे काय, व असल्यास केव्हापासून, याचा खुलासा व्हावा.'

केव्हापासून! मी तो कागद घेऊन कचेरीत येरझारा घालत होतो. मला हसू येत होतं आणि कोणाच्या तरी थोबाडीत मारावंसंही वाटत होतं. पोशक्का दर बाजाराला दारात येऊन उभी राहायची. बोलायची नाही, नुसती बघायची. मी मान हलवली की निघून जायची.

साहेबांनी माझ्या हातातला कागद ओढला, टाक बुडवला आणि लिहिलं : 'हयात आहे. जन्मापासून.'

पण तेवढ्यात नदी चढली. आमचं उत्तर डाकेच्या थैलीत घाटावर पडून राहिलं, एक महिना, दोन महिने. मी रोज घाटावर जाऊन पाणी बघून यायचो. थैली निघाली तेव्हा रंगूनची मुदत संपून गेली होती.

*

शेवटचं सांगतो आणि गप्प बसतो.

थंडीत एकाच थैलीतून दोन कागद आले. पहिला : लच्चय्याचे परतीचे कागद तयार आहेत, पण ते न्यायला तो आला नाही, पत्त्यावर सापडत नाही, तरी कुटुंबाकडून ठावठिकाणा विचारून जबाब पाठवावा. दुसरा म्हणजे परिपत्रक : काही इसम रंगूनहून दुसऱ्याच मेलेल्या माणसांच्या कागदांवर येऊन जहाजातून उतरत आहेत, आढळल्यास पकडून परत पाठवावे.

जबाब घ्यायला मी आणि दुर्गय्या पोशक्काच्या झोपडीवर गेलो. अंगणात मल्लय्या बसला होता. इतक्या वर्षांत तो तिथे आलेला मी पाहिला नव्हता. शेजारी एक वाळलेला माणूस जाळ्याची गाठ मारत होता. पोशक्काच्या हातात बांगड्या होत्या.

"हा कोण?" मी विचारलं.

मल्लय्यानं दुर्गय्याकडे बघितलं. मग दुर्गय्याच म्हणाला, "पाहुना हाय. नदीपलीकडचा."

मी खाली बसलो, जबाब लिहिला. 'माझे पती लच्चय्या यांचा ठावठिकाणा मला माहीत नाही.' वाचून दाखवला. पोशक्कानं अंगठा दिला. साक्षीदार दोन लागतात. मल्लय्यानं न सांगता पुढे येऊन अंगठा दिला. दुसरा कोण? कोतवालाची साक्ष चालत नाही, आणि जवळपास चिटपाखरू नव्हतं.

पाहुणा उठून आला. उजवा अंगठा पुढे केला.

"डावा," मी म्हटलं. सवयीनं निघून गेलं तोंडातून.

तो थांबला. पोशक्काकडे बघितलं. पोशक्का माझ्याकडे बघत होती, बाजाराच्या दिवशी बघायची तशी. मग त्यानं डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला.

मी टिपकागद दाबला, घडी घातली आणि चालायला लागलो.

कचेरीत साहेबांनी कागद उघडला. मधोमध चीर असलेला तो अंगठा त्यांनी निरखला. मग कपाटातून रंगूनची फाईल काढली, मूळ अर्ज शेजारी ठेवला. परिपत्रक तिथेच, त्यांच्या कोपराखाली होतं.

"हा साक्षीदार कोण?"

"पाहुणा आहे साहेब. नदीपलीकडचा."

साहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"मग परदेशी नाही," ते म्हणाले. "आपलाच आहे." आणि सही केली.