उलटा टांगलेला फोटो

आमच्या लाईनवरचा नवनाथ मूळचा बीडकडचा, राहायला निघोज्यात. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा अख्ख्या चाकणात कुणी नाही, राव. म्हणून तर कंपनीच्या जपान ट्रेनिंगला त्याचं नाव निघालं होतं. गाव मियाझू, समुद्रकाठचं, छोटंसं. गड्यानं पासपोर्ट काढला, आईला फोन करून "माय, इमानात बसणार मी" असं सांगूनही टाकलं.

आणि आमचे मॅनेजर मारुतराव! वर कळवलं काय, तर नवनाथची आई अंथरुणाला खिळलीय, तो येत नाही. आणि स्वतःच गेला की मेला! म्हातारी तिकडे धडधाकट, शेरडं राखतेय. नवनाथला कळलं तेव्हा विमान उडालं होतं.

"जपान गेलं खड्ड्यात," तो म्हणाला, "पण माझ्या चांगल्या मायला यानं आजारी पाडलं. सगळ्यांदेखत याची मान खाली न्हाई केली, तर नावाचा नवनाथ न्हाई."

मारुतरावांनी येताना तिथला भलामोठा फोटो आणला. निळ्या खाडीत वाळूचा लांबच लांब पट्टा, त्यावर पाइनची गर्द झाडी. तो शॉपफ्लोअरवर लावला आणि येता-जाता आम्हाला तेच पुराण. नवनाथ नुसता दात-ओठ खायचा.

यंदा मियाझूचे साहेब भेटीला आले. त्या सकाळी नवनाथनं फोटो उलटा टांगला. पाहुण्यांसमोर मारुतरावांची शोभा व्हावी, एवढाच डाव. स्टूल मीच धरलं होतं.

साहेबांनी फोटो बघितला आणि चक्क टाळ्याच वाजवल्या! दुभाषी मिनल सांगू लागली, "तिथं लोक या पट्ट्याकडे पाठ करून ओणवे होतात आणि दोन पायांमधून बघतात. तसं उलटं बघितलं की तो आभाळात चढणारा पूल वाटतो. हा फोटो असा कुणी लावला, विचारतायत."

नवनाथचं तोंड पडलं. मारुतराव लगेच पुढे. "मीच लावला!" श्रेय दिसलं की यांची लाळ गळते.

"मग या, तिथल्या रीतीनंच दोघं मिळून बघू," म्हणत साहेब फोटोकडे पाठ करून मजेत ओणवे झाले. सगळी शिफ्ट बघत होती. आता मारुतराव सुटतात कसले? पोट आवळत, धापा टाकत वाकले. गुडघ्यांच्या मधे लालबुंद तोंड.

नवनाथ सावकाश फोटोखाली जाऊन उकिडवा बसला आणि मारुतरावांच्या उलट्या डोळ्यांत बघत म्हणाला, "साहेब, माझी माय बरी हाय बरं का."