नाक्यापलीकडचं लायसन

चिचगड सोडलं त्या सकाळी पिकअप माझा भाऊ चालवत होता आणि आमचे हे बाजूच्या सीटवर गुमान बसले होते. मला तेव्हाच खटकलं. हे दुसऱ्याच्या हाती स्टेअरिंग देणाऱ्यातले नाहीत. "काऊन?" विचारलं तर म्हणाले, "कंबर दुखून राहिली." आता बाई, गव्हाची पोती याच कंबरेनं चढवली होती ना! निघताना बाबा खिडकीशी येऊन यांना म्हणाले, "एकदा छत्तीसगडचा नाका पार झाला का टेन्शन नाही, जावईबापू." कसलं टेन्शन, ते मला कोणीच सांगितलं नाही.

रायपूरला यांना शाळेच्या बसवर ड्रायव्हरचं काम लागलं. आमची गुड्डी त्याच शाळेत, त्याच बसमध्ये. मी इथली होत गेले, बाजारात कोथिंबिरीला सांभार म्हणायची ती धनिया म्हणायला लागले. पण यांचं काहीतरी बिनसलं होतं. चौकात पोलीस दिसला की चेहरा उतरायचा. गोंदियाकडे जायचं म्हटलं की गाडी नको, रेल्वेच बरी. आधी वाटलं, तिकडे दुसरी बाई आहे. खोटं कायले बोलू? एक दिवस शर्ट धुवायला घेतला, पाकीट काढलं, तर त्यात लायसनची नुसती झेरॉक्स. कार्ड कुठं आहे विचारलं, तर "ठेवलं आहे सांभाळून." कुठं, ते सांगेनात.

बाजूला एक ट्रकवाले भैया राहतात. त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, महाराष्ट्राचं लायसन इथे चालते का? म्हणाले, "चलेगा क्यों नहीं भाभी, पूरे देश का होता है." आणि तिकडे बंद झालं असेल तर? ते हसले. "तो फिर बंद भी पूरे देश में. कंप्यूटर में नंबर डालो, सब दिख जाता है."

त्या संध्याकाळी मी यांच्यासमोर ताट ठेवलं नाही, आधी विचारलं. मग निघालं सगळं. गोंदियात फोनवर बोलत गाडी चालवताना एका सायकलवाल्याला उडवलं होतं. त्याचा हात मोडला. यांचं लायसन काही महिन्यांसाठी सस्पेंड, कार्ड तिकडेच जमा. "पण ते महाराष्ट्रातलं," हे म्हणाले. "इकडे कोण विचारते?"

मी बाबांना फोन लावला. ते वरून मलाच म्हणाले, "आपल्याकडे असंच चालते, तू कायले डोकं लावतेस?" खरं आहे. सीमेवरचे लोक आपण. धान जिकडे भाव तिकडे नेतो, इकडे केस लागली की तिकडच्या सोयऱ्याकडे जाऊन बसतो. नाका ओलांडला की इकडची भानगड इकडेच राहते, हे आपण दुधासोबत प्यायलो आहोत. पण बाबा, त्या बसमध्ये तुमची नात बसायची. तुम्हाला माहीत होतं, भावाला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. याचा राग अजून गेलेला नाही.

यांना म्हटलं, बसच्या मालकाला उद्या तुम्ही सांगता की मी सांगू? सकाळी स्वतः जाऊन सांगून आले. मालकानं खूप झापलं, पण हाकललं नाही. लायसन सुटेपर्यंत बस धुवायचं काम दिलं, पगार कमी. आई फोनवर म्हणते, जमत नसेल तर परत या. कशाला येऊ? तिथे सगळे मिळून माझ्यापासून लपवतील.

आता हे संध्याकाळी ओल्या कपड्यांनी घरी येतात. मी दारातच विचारते, "आज गाडी हाती घेतली?" "नाही," म्हणतात. माझा भरवसा अजून बसलेला नाही, म्हणून उद्याही विचारणार आहे. पण विचारलं की हे चिडत नाहीत, डोळ्यात बघून सांगतात. चिचगडच्या घरात मला एवढं कधी मिळालं नव्हतं.