रेइनो गप्प बसला ती दुपार

सुपीरिअर सरोवराच्या काठच्या रस्त्यावर गाडी बंद पडली की रेइनो लाह्तिनेन ती ओढून आणायचा. त्याच्या गॅरेजला लागूनच माझं छोटं हॉटेल. लोक आत यायचे ते थंडीनं काकडत, पण हसत. वाटेत रेइनोनं काहीतरी सांगितलेलं असायचं. जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासात एका बाईनं तुंबलेली पेट्रोलची नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली होती, असलं काहीतरी.

या नादाला कारण होतं. रेइनोच्या तरुणपणी एक म्हातारा ट्रकवाला उलटलेल्या ट्रकमध्ये अडकला होता. त्याला झोप लागू द्यायची नव्हती, म्हणून मदत येईपर्यंत रेइनो त्याचा हात धरून बोलत राहिला. म्हातारा वाचला. पण रेइनो मला म्हणाला, "माझ्याजवळचं सांगण्यासारखं सगळं संपलं होतं गं. शेवटी नुसते पाढे म्हणत होतो." तेव्हापासून तो मिळेल ते वाचायला लागला.

एका जानेवारीत त्यानं कोरिन देरोझिए नावाच्या बाईंना आणलं. नवऱ्याला पुरून त्या एकट्याच घरी निघाल्या होत्या. रेइनोनं तोंड उघडताच त्या म्हणाल्या होत्या, "कृपा करून गप्प बसाल का?"

तो बसला. गॅरेजमध्ये आल्यावरही हूं की चूं नाही.

मी हॉटेलात त्यांच्यापुढे सूप ठेवलं तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, "त्यांना राग आला का हो?"

"राग कसला! इतका वेळ गप्प राहून पोट फुगलं असेल त्याचं."

त्यांना हसू आलं. त्यांनीच त्याला हाक मारली. "काय सांगणार होतात मघाशी?"

रेइनो हात पुसत समोर बसला. "पॅरिसच्या संग्रहालयातून मोनालिसाचं चित्र चोरीला गेलं होतं ना, तेव्हा भिंतीवरची रिकामी जागा बघायला लोकांनी रांगा लावल्या होत्या."

"नुसती रिकामी जागा?"

"हो. काहींनी तिथं फुलंही ठेवली म्हणतात."

बाईंनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "घरी यांची खुर्ची आहे. लेक म्हणते, काढून टाक."

"राहू दे की. खुर्ची काय खायला मागते?"

त्या रडल्या आणि मग सगळं सूप प्यायल्या.

त्यानंतर दर उन्हाळ्यात त्या यायच्या. मागच्या वर्षी रेइनोच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. मला वाटलं, हा आता खचणार. कोरिनबाई आल्या, खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि म्हणाल्या, "आता माझी पाळी. ऐका, ऑक्टोपसला दोन हृदयं असतात."

रेइनोनं नकारार्थी मान हलवली आणि तीन बोटं वर केली.

"बघा!" बाई माझ्याकडे वळल्या. "आवाज गेला, पण चूक काढायची खोड गेली नाही मेल्याची."

रेइनो खांदे गदगदवून हसत होता.