मावशीचा डावा हात

रोटी करताना मावशी हाताकडे कधी पाहत नसे. लांब रोटी म्हणजे आम्हा विदर्भातल्या लोकांची ती कागदासारखी पातळ, हातभर रुंद रोटी. चुलीवर माठ उलटा घालून त्याच्यावर ती भाजतात. कणकेचा सैल गोळा या हातावरून त्या हातावर, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत जातो, पसरतो, आणि आता फाटेल असं वाटतं तेव्हा माठावर पडतो. हे सगळं चालू असताना मावशी आमच्याकडे बघून गप्पा मारत असायची. कोणी विचारलंच तर म्हणायची, "हाताकडे पाहिलं का हात बिचकते. त्याइले त्याइचं काम करू द्यावं."

विदर्भ सोडून आम्ही इकडे हिंदी मुलखात येऊन राहिलेले. इथल्या गुढियारी वस्तीत आमच्या ओळीतल्या सगळ्यांचीच ती मावशी. नवरा रेल्वेत होता. तो गेल्यावर मुलगा राजू रेल्वेतच लागला. मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहतो. आमच्या बौद्ध समाजात लग्न असो की नामकरण, चूल मावशीचीच. माठ ती गोल बाजारात स्वतः जाऊन आणायची, बोटाच्या पेराने वाजवून आणि कान लावून. "हा बोलते," म्हणून एक बाजूला ठेवायची, आणि दुकानदार दुसरा पुढे करायला लागला की, "हा मुका हाय, तुह्या घरी ठेव," असं त्याला तोंडावर सांगायची. एवढं ऐकूनही दुकानदार तिला चहा पाजायचा.

शेजारच्या लग्नात तिच्या हातून रोटी पहिल्यांदा पडली. कणीक उजव्या हातावरून निघाली, पण डावा हात तिथे नव्हताच. कणीक राखेत. मावशी हसली, आम्हीही हसलो. दुसरी कणीक घेतली, तीही तशीच पडली. तिसऱ्या वेळी मी पाहिलं तर मावशी बोलायची थांबली होती आणि स्वतःच्या हाताकडे बघत होती.

पुढच्या काही महिन्यांत डावा हात आखडत गेला. काही उचलायला गेली की त्याला झटके बसत. जवळच्या एका डॉक्टरने पाहिलं, पार्किन्सन म्हणाला, गोळ्या सुरू केल्या. राजूने त्या नेमाने दिल्या. डॉक्टरने मात्रा वाढवली, तरी हात होता तसाच. आणि त्याच दिवसांत तो हात आपल्या मनाने वागायला लागला. याला दुसरा शब्द मला सापडत नाही. उजव्या हाताने मावशी पदर खांद्यावर घ्यायची, डावा तो ओढून खाली आणायचा. ती खुर्चीत बसून बोलत असायची, आणि डावा हात अगदी सावकाश वर जायचा, खांद्यापर्यंत, कानापर्यंत, वर्गात कोणी बोलायची परवानगी मागावी तसा. तिला ते ठाऊकही नसायचं. आपण सांगायचं, "मावशी, हात." मग ती मान वळवून बघायची आणि उजव्या हाताने त्याला धरून खाली आणायची.

"पाहुणी," ती त्याला म्हणायची. "आज पाहुणी लवकर उठली. खाते माहं, राहते माह्या घरी, अन् ऐकते कोणाचं, कोण जाणे." सगळे हसायचे. मीही हसायचो, पण तो हात माझ्या बाजूला असेल तर जरा सरकून बसायचो.

एका दुपारी कूलरच्या आवाजातूनही तिची किंकाळी आमच्या घरापर्यंत आली. मी धावलो. मावशी पलंगावर उठून बसली होती, घामाने भिजलेली. "बाबू, माह्या पांघरुणात कोणाचा हात हाय पाह्य बरं. पोटावर थंडगार पडला." मी चादर बाजूला केली. तिथे तिचाच हात होता. तिने तो बराच वेळ पाहिला. मग हळूच, त्या हाताला ऐकू जाऊ नये अशा आवाजात मला म्हणाली, "हा माहा नाही."

त्याच घरात तेव्हा राजूची मुलगी परी तीन-चार महिन्यांची होती. राजूची बायको प्रीती आपल्यातलीच, पण भिलाईत वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. सासूने निवडलेली मुलगी ती नव्हे. "पोट्टीले रोटी येत नाही," असं मावशी लग्नाआधी चारचौघांत बोलली होती आणि प्रीती ते विसरली नव्हती. एक दिवस स्वयंपाकघरात प्रीती मावशीजवळून जात असताना त्या डाव्या हाताने तिची वेणी पकडली. प्रीती ती सोडवायला ओढू लागली तशी मूठ आणखी आवळत गेली. त्यानंतर आठवड्याभरात मावशी पाळण्याशी बसली असताना त्याच हाताने परीचं पाऊल धरलं. पोरगी रडून निळी पडली, तरी मूठ सुटेना. मावशीही रडत होती, "सोड वं, सोड," म्हणत स्वतःच्याच हातावर चापट्या मारत होती.

त्या दिवसापासून पाळणा आतल्या खोलीत गेला आणि आतून कडी लागायला लागली. मावशी बाहेरच्या खोलीत बसून नातीचं रडणं ऐकायची. कडीचा आवाज झाला की दरवेळी तिचा चेहरा तिकडे वळायचा. प्रीती मला म्हणाली, "भैया, मुझे डर लगता है. वो मुंह से रोती हैं और हाथ से दबाती हैं. मैं किसको सच मानूं?"

शेजारच्या बाईने झाडफूक करणाऱ्या बैगाचं नाव सुचवलं. राजूने तिला हात जोडून परत पाठवलं. आपल्या घरात ते चालत नाही. आणि मग तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "भाऊ, भूतबाधा आपण मानत नाही. पार्किन्सन असता तर गोळ्यानं थोडा तरी फरक पडला असता, तो पडला नाही. मंग काय उरते? आईचं मनच उरते ना?"

मी ऑफिसात आयुष्यभर हिशेबच पाहिले. राजूची वजाबाकी चोख होती, आणि म्हणूनच ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी एवढंच म्हणालो, "एकदा मेंदूच्या डॉक्टरला दाखवू. प्रीतीलाही घे सोबत."

त्या डॉक्टरांनी आधीचे कागद बाजूला ठेवले आणि मावशीला डोळे मिटायला सांगितलं. तिच्या उजव्या तळव्यावर बोथट काडीने एक आकडा काढला. "पाच," मावशी म्हणाली. मग डाव्या तळव्यावर काढला. मावशी डोळे मिटून वाट पाहत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "लिहा ना साहेब." डाव्या मुठीत त्यांनी किल्ली दिली, तिला ओळखता आली नाही. तीच उजव्या हातात देताच म्हणाली, "चाबी. कपाटाची." मग ते म्हणाले, "अम्मा, रोटी कैसे बनाती थीं, दिखाओ." उजवा हात लगेच हवेत वळला, अगदी जुन्यासारखा. डावा तसाच लोंबत राहिला. मग, कोणी सांगितलेलं नसताना, तो सावकाश वर आला, पुढे सरकला आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाची कड त्याने मुठीत धरली.

"सोड वं! डॉक्टर साहेब हायेत थे! लाज हाय का तुले?" मावशी कळवळून ओरडली.

डॉक्टर हलले नाहीत. म्हणाले, "खींचना मत. खींचोगे तो और पकड़ेगा." आणि त्यांनी तिच्या मुठीच्या पाठीवरून, मनगटाच्या दिशेने, हळूहळू बोटं फिरवली. दोन-चारदा फिरवल्यावर मूठ उमलली. प्रीती कडेवर परीला घेऊन भिंतीशी उभी होती. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मतलब ये तो किसी को भी पकड़ता है."

नंतर डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. मला कळलं तेवढं लिहितो. पार्किन्सनसारखे दिसणारे आजार आणखी आहेत, आणि सुरुवातीला सगळ्यांनाच पार्किन्सन म्हटलं जातं. एकात माणूस पहिल्यापासूनच मागच्या मागे पडतो आणि त्याची नजर खाली जात नाही. दुसऱ्यात उभं राहिलं की रक्तदाब घसरतो, लघवीवर ताबा राहत नाही. तिसऱ्यात रिकाम्या खोलीत माणसं बसलेली दिसतात. मावशीच्या आजाराला त्यांनी कॉर्टिकोबेसल म्हटलं. तो एका बाजूने सुरू होतो. हात आपलं कसब विसरतो, मग आपला मालकही विसरतो. पार्किन्सनच्या गोळ्यांचा त्याला बहुधा उपयोग होत नाही. "पार्किन्सन में हाथ सुस्त होता है, कांपता है, पर रहता अपना ही है," ते म्हणाले. खात्री देणारी एकच एक तपासणी नसते, असंही त्यांनी सांगितलं. थांबवणारं औषध नाही, हेही.

बाहेर आलो तर बाकावर एक गृहस्थ बसले होते. डोळे विस्फारलेले, कायम दचकल्यासारखे. मी त्यांच्या समोरून गेलो तरी त्यांची नजर खाली आली नाही, ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिले. ते बघत होते तिकडे मी वळून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

परतताना आम्ही ऑटो केला. तात्यापाऱ्याच्या चौकात ऑटो थांबला आणि डावा हात पुन्हा वर यायला लागला. प्रीतीने त्याच्याकडे पाहिलं, आणि आपल्या ओढणीचं टोक गोळा करून त्याच्या मुठीत दिलं. हात शांत झाला. घर येईपर्यंत ती तशीच बांधलेली बसून राहिली.

कडी मात्र त्या दिवशी निघाली नाही. भीती आजाराचं नाव कळून जात नाही. आधी पाळणा बाहेर आला, तोही मावशीच्या उजव्या बाजूला. मग एका संध्याकाळी प्रीतीने टॉवेलची घट्ट गुंडाळी मावशीच्या डाव्या मुठीत दिली आणि परीला तिच्या उजव्या कुशीत ठेवलं. स्वतः मात्र समोर, हात लांबवला की पोहोचेल एवढ्यावर बसली. मावशी म्हणाली, "काहून एवढी घाबरते वं? पाहुणीले काम देल्लं ना तू. आता थे काही नाही करत." आणि थोडं थांबून, "मले जे नाही जमलं, तुले जमलं." प्रीतीने मान खाली घातली. रोटीच्या त्या टोमण्याचं उत्तर तिला मिळालं असावं.

मी तिला शेवटचं भेटलो तेव्हा परी चालायला लागून वर्ष होऊन गेलं होतं. मावशीची वाचा गेली होती, चेहरा हलत नव्हता, उजवा हातही आता गादीवर पडून होता. बाहेर मालगाडीचे डबे जोडत होते, त्याचा धक्का खिडकीच्या गजांना जाणवायचा. मी पलंगाशी बसलो. चादर जराशी उचलली गेली. डावा हात बाहेर आला, गादीवरून सरकत आला आणि त्याने माझी दोन बोटं धरली.

तळव्याला काही लागलं की मूठ मिटते, हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. सोडवायची रीतही माहीत होती. मी ती केली नाही, तसाच बसून राहिलो.

तेवढ्यात परी आली. तिने माझी अडकलेली बोटं पाहिली, आणि कोणी न सांगता त्या मुठीच्या पाठीवरून आपला चिमुकला पंजा फिरवायला लागली, घरात रोज बघत होती तसा. मूठ उमलली. माझी बोटं सुटली. आणि मी काही करायच्या आत ती मूठ परीच्या हातावर मिटली.

मी उठायला लागलो. दारात प्रीती उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती जागची हलली नाही.

"राहू द्या, भैया," ती मराठीत म्हणाली.

परी रडली नाही. मावशी खिडकीकडे बघत होती. हाताकडे तिने पाहिलंच नाही.